असावा

बावीस अक्षरांचा आहे तो, मायक्रोआरएनए.
आमच्या दारावरच्या पाटीत याहून जास्त अक्षरं आहेत
आणि ती वाचून कुणी थांबत नाही.

हा थांबवतो.
निरोप घेऊन निघालेल्याला गाठतो
केंद्रकाबाहेरच्या ओल्या गर्दीत.
मजकुराला हात लावत नाही.
मजकूर संपल्यावर खाली ता.क.ची जागा असते,
जिचं प्रथिन कधीच होत नाही,
जिला आम्ही नुसती शेपटी समजत आलो,
तिथं सात अक्षरं जुळतात का, बघतो.
दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत.
पुढची जुळली तर जुळली.

(जत्रेत आपलं माणूस आपण
असंच ओळखतो ना,
पाठमोऱ्या मानेच्या एका कलावरून.)

मग निरोप पोचत नाही. किंवा अर्धाच पोचतो.
किंवा वाटेतच विरतो, कागद भिजावा तसा.

तीन महिने ताळगावच्या पठारावर
मी काजवा मोजते आहे.
म्हणजे काजव्याचं जनुक. त्याच्यामागे
माणसाच्या जनुकाची ती शेपटी जोडायची,
पेशींना पाजायची, दोन दिवस थांबायचं,
मग किती उजळलं ते यंत्र सांगतं.
हा आत सोडला की उजेड उतरतो.
विझत नाही. उतरतो.
शंभराचे एकसष्ट.
पुन्हा केलं, अठ्ठावन्न.
एसी बंद पडला त्या शनिवारी नव्वद,
तोही आकडा वहीत आहे.
मग शेपटीतल्या सातांतली तीन अक्षरं मी बदलली,
आणि उजेड परत आला,
कुणी दारातून बाजूला व्हावं तसा.

चोडणला सगुणमामा मानस सांभाळायचा.
मानस म्हणजे मन नव्हे. आमच्याकडे
बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
भरती रेटते तेव्हा फळी आपोआप मिटते,
ओहोटीला उघडते. आत कोरगुटाचं शेत.
मी लहान होते. विचारलं,
दार आपलं आपण चालतं, मग तू कशाला?
फळीखाली काठी सारत तो म्हणाला,
"सगळं मिटलं तर सुंगटां कुठून येणार, बाय?
सगळं उघडलं तर भात कुठून?"
आणि बोटभर खारं पाणी आत घ्यायचा,
अंदाजानं.
कुठं लिहून ठेवलं नाही त्यानं
बोट कुणाचं आणि केवढं.

बांबोळीहून गाठींचे नमुने येतात,
बर्फात, झाकणावर निळ्या शाईचा आकडा.
अकराव्यात हा जवळजवळ नाहीच.
ज्याला आवरायचं ते जनुक मोकाट,
शेतात खाडी शिरावी तसं.
अकरावा: पुरुष, चौसष्ट, तालुका तिसवाडी.
नाव आम्हाला देत नाहीत.
सगुणमामाला त्याच साली बांबोळीला नेलं होतं.
मी विचारलं नाही.
विचारायचा नियमही नाही.

काल कुलासो मॅडमनी मसुदा परत दिला.
"या जनुकाचं नियमन करतो"
यातल्या 'करतो'वर लाल रेघ,
वर बारीक अक्षरात: करत असावा.
मला राग आला. तीन महिने, पाच वेळा,
काजवा माझ्या डोळ्यांदेखत मंदावला, आणि असावा?
त्या म्हणाल्या, एका ताटलीत मंदावला, पोरी.
माणसात अजून कुणी पाहिलंय?
शिवाय तो एकटा थोडाच आहे,
एकेक जण शेकडो निरोपांना हात घालतो
आणि एका निरोपाला किती हात लागतात
हे आपण मोजलंय का?

रात्री उशिरा बसून मी तो शब्द घातला.
पहिल्या वाक्यात, मग सारांशात, मग आकृतीखाली.
तिसऱ्यांदा लिहिताना तो मऊ लागला,
फळीखाली काठी सारावी इतका.
खिडकीतून झुवारीवरच्या बार्जेसचे दिवे दिसत होते,
त्यांतला एक मंद, एक त्याहून मंद.

फाईल बंद केली. घड्याळ पाहिलं नाही.
चोडणची शेवटची फेरी
सुटली असावी.